लोकसंमेलनें आणि त्यांचे आश्रयदाते

लोकांनीं एकत्र यावें, चार शब्द ऐकावे, चार बोलावे आणि घरीं परततांना मनांत कांहीं तरी घेऊन जावें, ही हौस आमच्या जिल्ह्यास नवीन नाहीं. तुळजापूरचें नवरात्र, तेरची गोरोबाकाकांची यात्रा, गांवोगांवचे हरिनाम सप्ताह, दर्ग्यांचे उरूस, नाताळचे मेळावे, ह्या सर्वांचा भार येथील माणसें पिढ्यान् पिढ्या उचलीत आलीं आहेत. त्यांत पाणी कोणी भरावें, भाकरी कोणी कराव्या, मानाची जागा कोणाची, हें सारें रूढीनें ठरलेलें असतें. परंतु अलीकडील काळांत दुसऱ्या प्रकारचे समारंभ होऊं लागले आहेत. साहित्यसंमेलन, ग्रंथोत्सव, विज्ञानप्रदर्शन, शेतकऱ्यांचा मेळावा, हे ते समारंभ होत. ह्यांच्या पाठीशीं रूढि नसते. तेथें प्रत्येक गोष्ट विचारानें ठरवावी लागते. त्यांतील सर्वांत अवघड प्रश्न दोन: पैसा कोणापासून घ्यावा, आणि देणाऱ्यास त्याच्या मोबदल्यांत काय द्यावें? ह्या दोन प्रश्नांचा आमच्या विद्यार्थ्यांनीं व माजी विद्यार्थ्यांनीं विचार करावा, म्हणून आम्ही आमचें मत येथें मांडीत आहों.

विचार हवेंत राहूं नये ह्यासाठीं आमच्याच शहरांत घडलेलें उदाहरण घेऊं. १०, ११ व १२ जानेवारी २०२० ह्या तीन दिवशीं त्र्याण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिव शहरीं, भरलें. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थानिक शाखा यजमान होती. संमेलननगरीस संत गोरोबाकाकांचें नांव दिलें होतें. उद्घाटन कवि ना. धों. महानोर ह्यांनीं केलें, आणि अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूस हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होय. महानोर २०२३ सालीं व फादर दिब्रिटो २०२४ सालीं आपल्यांतून निघून गेले. ते दोघे एका मांडवांत आमच्या शहरीं बसले होते, हें आतां आठवणींत ठेवावयाचें राहिलें आहे.

ह्या संमेलनाचें महत्त्व समजण्यास थोडें मागें पाहिलें पाहिजे. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी ह्यांच्या पुढाकारानें १८७८ च्या मे महिन्यांत पुण्यास पहिली ग्रंथकारसभा भरली. तेव्हांपासून ही परंपरा मोजली जाते. त्या काळीं आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. १९२९ सालीं त्या सरकारनें त्रेपन्न क्रमांकाची गश्ती काढली, आणि साधी जाहीर सभा घ्यावयाची तरी आधीं सरकारची परवानगी मागावी, असा दंडक घातला. संस्थानांतील महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें भरलें, तें अशा दिवसांत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या वाडवडिलांनीं हा जाच सोसला. मराठवाड्यांत त्यानंतर संमेलनें झालीं. अंबाजोगाईस १९८३ सालीं, परभणीस १९९५ सालीं. परंतु धाराशिवाची पाळी २०२० सालीं आली. जेथें एके काळीं चार माणसांनीं एकत्र बसण्यासही हुकूम लागे, तेथें साऱ्या महाराष्ट्रानें तीन दिवस येऊन बसावें, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून अशी मोकळी सभा आपण कशी भरवितों व कोणाच्या जिवावर भरवितों, हा प्रश्न आम्हांस जमाखर्चाच्या वहीपेक्षां मोठा वाटतो.

आतां कामाच्या रीतीकडे वळूं. गोरोबाकाकांविषयींची एक कथा येथील लहान मुलासही ठाऊक आहे. संतमंडळी जमली असतां कुंभाराचें थापटणें हातीं घेऊन त्यांनीं एकेकाच्या मस्तकावर थाप मारिली व कोणतें मडकें पक्कें, कोणतें कच्चें, तें पाहिलें. नामदेवांस राग आला, आणि मडकें कच्चें ठरलें. समारंभाची आंखणी करणाऱ्यांनीं हें थापटणें आधीं स्वतःच्या कल्पनेवर चालवावें. आमच्याकडे बहुधा उलट क्रम असतो. प्रथम पाहुणा ठरतो, मग मांडवाचा आकार, मग निमंत्रणपत्रिकेवरील नांवांचा क्रम, आणि सर्वांच्या शेवटीं, हा समारंभ कोणासाठीं, हा प्रश्न निघतो. तोंपर्यंत त्याचें उत्तर शोधण्यास कोणास वेळ राहिलेला नसतो.

म्हणून पहिली पायरी चौकशीची. ती लिहून काढलेली असावी, केवळ बोलण्यांत नको. गांवांत असा समारंभ पूर्वीं झाला होता काय? त्यांस कोण आले, कोण आले नाहींत, आणि न येण्याचें कारण काय? वाचनालयांत वर्गणीदार किती, त्यांत स्त्रिया किती? शेतमजुराच्या घरचें मूल तेथें दुपारीं येऊं शकेल कीं सायंकाळीं? उमरगा, लोहारा, परंडा, भूम अशा दूरच्या तालुक्यांहून येणाऱ्यास परतण्याची शेवटची बस कितीची? हे प्रश्न क्षुद्र वाटतात. परंतु मंडप भरणार कीं रिकाम्या खुर्च्यांपुढें भाषणें होणार, हें त्यांच्याच उत्तरांवर अवलंबून असतें.

दुसरी गोष्ट तिथीची. ह्या जिल्ह्याचें वर्ष शेताच्या वर्षाप्रमाणें चालतें. मृग लागला कीं पेरणीची धांदल. भाद्रपद-आश्विनांत सोयाबीनची काढणी व त्यांतच तुळजापूरची गर्दी. फाल्गुनांत शाळांच्या परीक्षा. चैत्र-वैशाखांत ऊन व पाण्याची टंचाई. पौषाच्या सुमारास शाळूची ज्वारी हुरड्यास येते, थंडी सोसण्याजोगी असते, आणि विहिरींत अजून पाणी असतें. २०२० चें संमेलन जानेवारींत झालें, हें ह्या दृष्टीनें योग्यच होतें. ज्यास आपल्या गांवाचें पंचांग वाचतां येत नाहीं, त्यानें दूरच्या पाहुण्याच्या सोयीची तारीख धरावी आणि मग गांवकऱ्यांच्या उदासीनतेस दोष द्यावा, हा अन्याय होय.

तिसरी गोष्ट पाण्याची. पांचशे माणसें दोन दिवस येणार, आणि माणशीं पिण्यास व हात धुण्यास रोज दहा लिटर पाणी धरलें, तर तेंच दहा हजार लिटर झालें. स्वयंपाक, भांडीं व शौचालयें ह्यांचा हिशेब त्याहून निराळा. दुष्काळी जिल्ह्यांत हें पाणी कोठून तरी आणावें लागतें, आणि जेथून आणूं तेथील लोकांच्या घागरींतून तें कमी होतें. समारंभाच्या अंदाजपत्रकांत पाण्यास रुपयांच्या बरोबरीनें एक स्वतंत्र रकाना असावा, असें आमचें मत आहे. हाच हिशेब आमच्या नववीच्या मुलांस गणिताच्या तासास घालावा. पुस्तकांतील टांकीच्या व नळांच्या उदाहरणापेक्षां तो त्यांस अधिक कळेल.

चौथी गोष्ट परवानग्यांची. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, पोलीस ठाणें, वीज कंपनी, अग्निशमन, ह्या सर्वांकडे वेळेवर अर्ज गेले पाहिजेत. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपक लावूं नये, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा दंडक आहे. कविसंमेलन लांबलें, एवढ्या सबबीवर तो मोडतां येत नाहीं. नोंदलेली संस्था नसतां लोकांपासून वर्गणी गोळा करावयाची असेल, तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. आणि सर्व सिद्धता झाल्यावरही विघ्न येतें, हें धरून चालावें. आमच्या संमेलनानंतर दोनच महिन्यांनीं महामारीमुळें देश बंद झाला, आणि पुढील नाशिकचें संमेलन २०२१ च्या मार्चांत व्हावयाचें तें डिसेंबरांत झालें. जो बुरूज बांधूं इच्छितो त्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला प्रभु येशूनें दिला आहे; त्याचा अर्थ रुपयांपुरता घेऊं नये.

चौकशी झाली म्हणजे सोबती शोधावे. येथें आम्ही सोबती आणि आश्रयदाता ह्यांत भेद करितों. आश्रयदाता पैसा, वस्तु किंवा जागा देतो. सोबती कामाचा वांटा उचलतो व त्याबरोबर अपयशाचाही वांटा उचलतो. साहित्य महामंडळ हेंच पाहावें. १९६१ सालीं तें स्थापन झालें. मुंबई मराठी साहित्य संघ, पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ व मराठवाडा साहित्य परिषद ह्या त्याच्या चार घटक संस्था होत. आणि महामंडळाचें कार्यालय ठराविक मुदतीनें एकीकडून दुसरीकडे जातें. कोणा एकाची मालकी होऊं नये, हा त्यांतील हेतु स्पष्ट आहे. संमेलन कोठें व्हावें, अध्यक्ष कोण, हें महामंडळ ठरवितें. मांडव, निवास, भोजन हें यजमान संस्थेनें पाहावयाचें. कामाची वांटणी कागदावर असल्यामुळें भांडणें होत नाहींत असें नाहीं. परंतु भांडण कोणत्या मुद्द्यावर आहे, तें तरी कळतें.

लहान गांवींही अशी वांटणी करतां येईल. शाळेनें वर्गखोल्या व स्वयंसेवक द्यावे, सार्वजनिक वाचनालयानें ग्रंथ, ग्रामपंचायतीनें पाणी व स्वच्छता, महिला बचतगटांनीं भोजन, आणि ह्या बचतगटांस त्यांच्या श्रमाचा पुरा मोबदला रोख मिळावा. सेवेच्या नांवाखालीं बायकांकडून फुकट भाकरी करवून घ्याव्या आणि भाषणांत स्त्रीशक्तीचा गौरव करावा, ही रीति आतां बंद व्हावी. शासनाचा ग्रंथालय विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरवितो. त्याच्याशींही आपलें कार्य जोडतां येतें. दूरचा सोबती हा आमच्या भूमीस नवा नाहीं. आजचें तेर म्हणजे पूर्वीचें तगर. तेथील कापड बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, असें पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत लिहिलें आहे. ज्या गांवाचा माल दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्रापार जात होता, त्या गांवाच्या लेकरांनीं शेजारच्या तालुक्यांतील वाचनालयास पत्र लिहिण्यास संकोचूं नये.

आतां आश्रयदात्यांविषयीं. ते चार प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाचा गुण व प्रत्येकाची किंमत निराळी असते.

पहिला आश्रयदाता सरकार. २०१८ च्या बडोदें येथील साहित्य संमेलनांत शासनाचें अनुदान २५ लाखांवरून ५० लाख करण्याची घोषणा झाली, आणि २०२३ च्या वर्धा येथील संमेलनास दोन कोटी रुपये मिळाले. हा पैसा लोकांनीं भरलेल्या करांतून येतो. म्हणून तो घेण्यांत लाज नाहीं, आणि त्याबद्दल कोणा मंत्र्याचे पाय धरण्याचेंही कारण नाहीं. परंतु अनुदान वाढलें म्हणजे खर्चही वाढतो, आणि एकदां वाढलेला खर्च पुन्हां उतरत नाहीं. मग पुढील वर्षीं त्याच अनुदानासाठीं हात पसरावा लागतो, व पसरलेल्या हाताची जीभ जरा जपून बोलूं लागते.

दुसरा आश्रयदाता कंपनी. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणें भाग पाडलें आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रांतील नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांबरोबर आमचा जिल्हा होता. त्यामुळें अशा पैशाचें लक्ष इकडे वळण्यास कारण झालें. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या मालाची जाहिरात व्हावी ह्या हेतूनें दिलेला पैसा ह्या दोन टक्क्यांत धरतां येणार नाहीं, असें २०२१ च्या नियमांनीं स्पष्ट केलें आहे. म्हणजे देणगी आणि जाहिरात ह्या दोन वस्तु आहेत, हें कायद्यासही मान्य आहे. मग आम्हांसच तो भेद कां दिसूं नये? दुकानदारानें फलक लावावा व त्याचे पैसे द्यावे. हा सरळ व्यवहार आहे, त्यांत कमीपणा नाहीं. परंतु फलकाची किंमत देऊन जो व्यासपीठावरील खुर्ची मागतो, त्यास नम्रपणें नकार द्यावा.

तिसरा आश्रयदाता पुढारी. तो स्थानिक असतो, आपल्यास ओळखतो, अडचणींत धांवून येतो. साखर कारखाना, पतपेढी, महाविद्यालय त्याच्या हातीं असतें, आणि मोठा मांडव त्याच्या एका शब्दानें उभा राहतो. त्याच्या ह्या सामर्थ्याचा द्वेष करणें व्यर्थ आहे. मात्र निवडणूक जवळ असेल तर त्याच्या देणगीचा विचार निवडणूक झाल्यावर करावा, एवढा नियम ठेवला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

चौथा आश्रयदाता म्हणजे पन्नास-शंभर रुपयांची पावती घेणारा सामान्य माणूस. त्याची रक्कम सर्वांत लहान, परंतु त्याची मागणी एकच असते, समारंभ चांगला व्हावा. ज्या कार्याचा निदान तिसरा हिस्सा अशा लहान पावत्यांनीं उभा राहतो, तें कार्य कोणा एकाच्या रुसण्यानें पडत नाहीं. हा तिसऱ्या हिश्शाचा नियम आमचा स्वतःचा आहे. कोणत्याही ग्रंथांत तो नाहीं. पण लहान गांवांनीं तो पाळून पाहावा.

आश्रय आणि दबाव ह्यांचा संबंध किती जवळचा आहे, हें दोन उदाहरणांनीं दिसेल. २०१९ च्या जानेवारींत यवतमाळच्या ब्याण्णवाव्या संमेलनाचें उद्घाटन लेखिका नयनतारा सहगल ह्यांनीं करावयाचें होतें. त्या इंग्रजींत लिहितात, ह्या कारणावरून विरोध झाला, गोंधळ होईल अशी भीति निघाली, आणि दिलेलें निमंत्रण मागें घेतलें गेलें. महामंडळाच्या अध्यक्षांनीं राजीनामा दिला. शेवटीं, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्तें उद्घाटन झालें. त्या बाईंचा तो सन्मान योग्यच होता. परंतु बोलावलेल्या पाहुण्यास दारांतून परत पाठविल्याचा डाग त्यानें पुसला गेला नाहीं. पुढल्याच वर्षीं आमच्याकडे फादर दिब्रिटो ह्यांच्या निवडीवर कित्येकांनीं आक्षेप घेतला. येथें मात्र निमंत्रण कायम राहिलें. फादर पाठीच्या दुखण्यानें त्रस्त असतांही आले, त्यांनीं भाषण केलें, आणि त्याच आठवड्यांत दिल्लीच्या एका विद्यापीठांत विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्याचा त्यांनीं स्पष्ट शब्दांत निषेध केला. सर्वांस तें रुचलें असेल असें नाहीं. परंतु ज्यास बोलाविलें त्यास बोलूं द्यावें, हा यजमानाचा पहिला धर्म आमच्या शहरानें पाळला, आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. तो अध्यक्ष ख्रिस्ती होता म्हणून हा अभिमान आहे, असें कोणी समजूं नये. त्याच्या जागीं दुसरा कोणी असता, आणि त्याचें मत आम्हांस न रुचणारें असतें, तरीही आमचें म्हणणें हेंच राहिलें असतें.

दुसरें उदाहरण दूरचें आहे. वेल्स देशांतील हे नांवाच्या लहानशा गांवीं १९८८ पासून मोठा ग्रंथमेळा भरतो. २०२४ च्या मे महिन्यांत त्याच्या मुख्य आश्रयदात्या कंपनीच्या गुंतवणुकीवर लेखकांनीं व चळवळ्या लोकांनीं आक्षेप घेतला, कित्येक वक्त्यांनीं अंग काढून घेतलें, आणि मेळा ऐन भरांत असतां त्या कंपनीचें साहाय्य थांबविण्याची पाळी आली. यवतमाळास गर्दीच्या भीतीनें पाहुणा गेला. तेथें वक्त्यांच्या रोषानें दाता गेला. दोन्हीं ठिकाणीं बोध एकच. कोणाचा पैसा घ्यावा, कोणत्या अटीवर घ्यावा व विरोध झाल्यास काय करावें, हे तीन ठराव मांडवाचा पहिला खांब रोवण्यापूर्वीं लिहून झाले पाहिजेत. गडबडींत घेतलेला निर्णय बहुधा भीतीचा असतो.

कोणी म्हणेल, जेथें शेतकऱ्यास दोन वेळां पोटभर मिळण्याची भ्रांत, जेथें १९९३ च्या भूकंपानें उमरगा-लोहाऱ्याकडील गांवें मातींत मिळालीं, त्या जिल्ह्यानें संमेलनांवर पैसा कां उधळावा? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. भपक्यावरील खर्चाविरुद्ध तो अगदीं खरा आहे. हारतुरे, शाली, प्रतिष्ठितांच्या पंगती, प्रवेशद्वारांच्या कमानी, ह्यांवर गेलेला रुपया दुसऱ्या दिवशीं केरांत सांपडतो. परंतु गरीब जिल्ह्यानें शब्दांची व ग्रंथांची भूक बाळगूं नये, असें त्यावरून ठरत नाहीं. संकटाच्या वेळीं कामास येणारें बळ म्हणजे माणसांनीं एकत्र काम करण्याची संवय, आणि ती संवय सुखाच्या दिवसांत लावून घ्यावी लागते. जो गांव दोन दिवसांच्या ग्रंथमेळ्याचें पाणी, भोजन व हिशेब नीट सांभाळतो, तो टंचाईंत टँकरची वांटणीही नीट करील, असा आमचा विश्वास आहे.

उरली गोष्ट हिशेबाची. समारंभ संपल्यापासून तीस दिवसांच्या आंत जमाखर्च वाचनालयाच्या दारावर लावावा. कोणी किती दिलें, कोठें गेलें, काय उरलें, हें त्यांत असावें. दात्यास दिलेलें वचन, मग तें फलकाचें असो वा आभाराच्या एका ओळीचें, तेंही त्याच कागदावर असावें. लपविलेली अट ही कर्जासारखी असते. ती पुढल्या मंडळास फेडावी लागते. आणि जमाखर्चाखालीं आणखी एक ओळ असावी: ह्या समारंभामुळें गांवांत काय टिकून राहिलें? दोनशें नवीं पुस्तकें, वाचनालयाच्या छपराची दुरुस्ती, मुलांनीं म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांची वही, असें कांहीं तरी तेथें लिहितां आलें पाहिजे. ती ओळ कोरी राहिली, तर पुढील वर्षीं वर्गणी मागण्यास कोणाच्या दारीं जाऊं नये.

ह्या शाळेपुढें आमची सूचना अशी आहे. येत्या पौषांत आमच्या तालुक्यापुरता दोन दिवसांचा ग्रंथमेळा भरवावा. पाहुणा एकच बोलवावा, व तो शक्यतों ह्याच जिल्ह्यांतील असावा. चौकशीचें काम नववीच्या वर्गाकडे, पाण्याचा व पैशाचा अंदाज गणिताच्या शिक्षकांकडे, सोबती संस्थांशीं पत्रव्यवहार माजी विद्यार्थ्यांकडे द्यावा. पहिली पावती शिक्षकांनीं आपल्या पदरची फाडावी. व्यासपीठावर खुर्च्या पांचच असाव्या, आणि त्यांतील एक नेहमीं विद्यार्थ्याची असावी. उरलेल्या पैशांतून तालुक्यांतील ज्या शाळांत ग्रंथालय नाहीं, तेथें एक एक कपाट पुस्तकें द्यावीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही उद्यां ह्या गांवचे नागरिक, व्यापारी, शिक्षक, सरपंच व्हाल. तुमच्यापाशीं कोणी देणगी मागावयास येईल, आणि कधीं तुम्ही दुसऱ्याच्या दारीं मागावयास जाल. मागणाऱ्यानें ताठ उभें राहून मागावें, देणाऱ्यानें हात मोकळा ठेवून द्यावें, आणि दोघांनींही मांडव लोकांचा आहे हें विसरूं नये. ग्रंथमेळ्याच्या चौकशीची यादी तयार करण्यास ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं सुटी संपतांच आपलीं नांवें वर्गशिक्षकांकडे द्यावीं.